पाण्यावर उभं राहताना पाय का थरथरतात?

"मावशी, पोट घट्ट धर. सगळा बॅलन्स पोटात असतो," माझा भाचा सांगत होता. गोव्यातल्या शिवोलीच्या पुलापासून थोडं वरच्या अंगाला, शापोरा नदीत तो कमरेएवढ्या पाण्यात उभा होता आणि मी त्याच्या स्टँड-अप पॅडल बोर्डवर गुडघे टेकून बसले होते. जानेवारीतली सकाळ, साडेसातचा सुमार. मतलई वारा पडलेला, खारा वारा सुटायला अजून अवकाश, त्यामुळे पाणी अगदी स्तब्ध. एकेक पाऊल उचलून मी उभी राहिले, सांगितल्याप्रमाणे पोट आवळलं, आणि दोन्ही पाय थरथरायला लागले. थरथर इतकी जलद होती की बोर्डच्या दोन्ही कडांपासून बारीक वलयं उठत होती. "पायांत ताकद नाही, म्हणून असं होतं," भाचा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शाळेचा जिना चढताना पोट काही दुखत नव्हतं. दुखत होत्या खुब्यांच्या बाहेरच्या बाजू, जिथे आपण कमरेवर हात ठेवून उभे राहतो त्याच्या चार बोटं खाली. वर्षानुवर्षं मुलांना प्लावक बल शिकवते, तेव्हा हे कोडं सोडून देणं मला जमणार नव्हतं. बरंच वाचून आणि बऱ्याच वेळा पाण्यात पडून माझं मत असं झालं आहे की ती थरथर अशक्तपणाची नव्हे, आणि तोल पोटात नसतो. तो कुठल्या स्नायूंनी सांभाळायचा, हे आपण पावलं कशी ठेवतो त्यावरून ठरतं.

खेळाची ओळख थोडक्यात करून देते. हवाईतल्या वायकिकी किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या मध्याला सर्फिंग शिकवणारे लोक मोठ्या बोर्डवर उभे राहून वल्हं मारत असत. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा प्रकार जगभर पसरला, आणि आज गोव्यात मांद्रे-अश्वेपासून पाळोळेपर्यंत तो दिसतो. बोर्ड साधारण सव्वातीन मीटर लांब, पाऊण मीटरच्या आसपास रुंद, आणि हातात आपल्या उंचीपेक्षा वीतभर लांब पॅडल. नदीत फिरताना पावलं समांतर ठेवतात, दोन्हींची बोटं पुढे. लाटेवर स्वार होताना मात्र एक पाऊल पुढे आणि एक मागे, अंग तिरकं. या दोन पवित्र्यांत शरीराच्या आत काय बदलतं, तेच मला सांगायचं आहे. पण त्याआधी बोर्डकडे बघावं लागेल.

समजा, बोर्डवर माणसाऐवजी तेवढ्याच वजनाचा आणि उंचीचा दगडी पुतळा उभा करून चिकटवला. तो उभा राहील का?

बोर्ड किंचित उजवीकडे कलला की उजवी कड जास्त बुडते. पाण्याखालच्या भागाचा मध्य उजवीकडे सरकतो आणि पाण्याचा वर ढकलणारा जोर आता तिथून लागतो. त्या बिंदूतून सरळ वर रेघ काढा. ती बोर्डच्या (आता कललेल्या) मध्यरेषेला जिथे छेदते, त्या बिंदूला मेटासेंटर म्हणतात. १७४६ साली पिएर बुगे या फ्रेंच शास्त्रज्ञाने जहाजांसाठी ही कल्पना मांडली. बोर्ड आणि माणूस यांचा मिळून गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या खाली असेल, तर बोर्ड आपोआप सरळ होतो. वर असेल, तर उलटतो.

आता आकडे घालू. बोर्ड ३.२ मीटर लांब, ०.८ मीटर रुंद, १२ सेंटिमीटर जाड. वरून पाहिला तर लंबवर्तुळासारखा आहे असं मानू. माणूस ७० किलो, बोर्ड १० किलो. म्हणजे ८० किलो पाणी बाजूला सारलं जातं, आणि बोर्ड जेमतेम ४ सेंटिमीटर बुडतो. मेटासेंटर किती वर असेल हे लांबी गुणिले रुंदीचा घन, भागिले बाजूला सारलेलं पाणी, यावर ठरतं. या बोर्डसाठी ते बोर्डच्या तळापासून सुमारे १.०५ मीटरवर येतं. आणि १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचा गुरुत्वमध्य तळपायांपासून साधारण ९३ सेंटिमीटरवर, बेंबीच्या जरा खाली असतो; बोर्ड धरून दोघांचा मिळून तो तळापासून ९३ सेंटिमीटरच्याच आसपास पडतो. फरक फक्त १२ सेंटिमीटरचा. पुतळा उभा राहील, पण अगदी काठावर.

आता बोर्ड ७० सेंटिमीटर रुंदीचा घ्या. रुंदी आठवा हिस्सा कमी झाली, पण घन आहे ना! सात अष्टमांशाचा घन साधारण दोन तृतीयांश. मेटासेंटर धाडकन ७० सेंटिमीटरवर उतरतो आणि पुतळा पाण्यात जातो. माणसाचं वजन जास्त असेल तरी हेच होतं, कारण वजन भागाकारात आहे. म्हणून जड माणसाला रुंद बोर्ड देतात. त्यात कमीपणा नाही, ते गणित आहे. आणखी एक गोष्ट: बोर्ड इतका थोडा बुडालेला असतो की पाच-सहा अंश कलला तरी त्याची दुसरी कड पाण्याबाहेर येते. मग रुंदीच कमी होते आणि वरचा सगळा हिशोब ढासळतो. नवखा माणूस "अचानक" पडतो तो इथे.

हाच हिशोब लांबीच्या दिशेने केला, तर मेटासेंटर सोळा मीटरवर जातो. काठावरच्या माडाच्या शेंड्याएवढा! म्हणजे पुढे-मागे बोर्ड आपल्याला सहज पाडत नाही. भांडण आहे ते फक्त डाव्या-उजव्या कलण्याशी.

हे पक्कं कळलं की पावलांचं कोडं सुटायला लागतं. आपलं पाऊल लांबीला पंचवीसेक सेंटिमीटर आणि रुंदीला दहा. पुढे-मागे झुकलो तर घोट्याला लांब तरफ मिळते, आणि ती ओढायला पोटरीचे दणकट स्नायू असतात. जमिनीवर आपण दिवसभर याच पोटऱ्यांवर उभे असतो. डावी-उजवीकडे मात्र घोट्याच्या हाती फारसं काही नाही. तरफ आखूड, स्नायू बारीक. कॅनडातील डेव्हिड विंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात मोजून दाखवलं, की पावलं शेजारी-शेजारी ठेवून उभा असलेला माणूस पुढे-मागे तोल घोट्यांनी धरतो, पण डावी-उजवीकडे तो खुब्यांच्या स्नायूंनी. एका पायावरचा भार काढून दुसऱ्यावर टाकणं हे काम त्यांचं. त्यातला मुख्य स्नायू ग्लूटियस मीडियस, खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा, पंख्याच्या आकाराचा.

हे वाचताना उभे राहून पाहा. अनवाणी, पावलं खांद्यांएवढी लांब. दोन्ही हातांची बोटं कंबरेच्या हाडाखाली, बाजूला दाबून ठेवा आणि सावकाश उजवीकडे झुका. डावा पाय हलका व्हायला लागला की उजव्या बोटांखालचा स्नायू टणक होतो. आता बोटं पोटऱ्यांवर ठेवा आणि पुढे झुका. पोटरी दगडासारखी होते.

नदीत समांतर उभं राहिलं की बोर्डचं डावं-उजवं तेच आपलं डावं-उजवं. म्हणजे सगळं काम खुब्यांकडे, आणि आपले खुबे एवढ्या बारीक, सततच्या कामाला सरावलेले नसतात. माझ्या जिन्यावरच्या दुखण्याचं उत्तर एवढंच होतं.

मग थरथर? पावलापासून मज्जारज्जूपर्यंत साधारण एक मीटर. चेतातंतूतून संदेश सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगाने जातो. म्हणजे जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद, आणि ही झाली सर्वांत साधी प्रतिक्षिप्त क्रिया. मेंदूकडून वळसा घालून येणारा शहाणा प्रतिसाद १०० मिलिसेकंदांच्या आसपास. त्यानंतर स्नायूत जोर भरायला आणखी वेळ. तेवढ्यात बोर्ड पुढच्या अवस्थेत गेलेला असतो. मेंदू ज्याला उत्तर देतो, ती नेहमी जरा जुनी बातमी असते.

शाळेच्या स्नेहसंमेलनात माईक शिट्टी मारतो ना, तोच हा प्रकार. कर्ण्यातला आवाज उशिराने माईकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा बाहेर पडतो, पुन्हा शिरतो. बिघाड माईकमध्ये नसतो; आवाज जास्त मोठा ठेवलेला असतो. बोर्डवर घाबरून आपण नेमका आवाज वाढवतो. गुडघे ताठ करतो, मांडीचे पुढचे-मागचे स्नायू एकदम आवळतो. आवळलेल्या स्नायूची प्रतिक्षिप्त क्रिया अधिक जोरकस होते, आणि उशिरा आलेला जोरकस धक्का बोर्डला पलीकडे ढकलतो. पावलं फार फाकवली तरी तेच. पावलांमधलं अंतर वाढलं की थोडासा भार हलला तरी बोर्ड जास्त कलतो. म्हणून खांद्यांएवढंच अंतर, बोर्ड उचलायच्या मधल्या मुठीच्या दोन बाजूंना. गुडघे सैल सोडायचे. त्याने गुरुत्वमध्य चार-पाच सेंटिमीटर खाली येतो, आणि वरच्या १२ सेंटिमीटरच्या हिशोबात ही कमाई मोठी आहे. शिवाय बोर्ड पायांखाली हलला तरी धड जागच्या जागी राहतं. मी गुडघे सोडले तेव्हा थरथर थांबायला दहा सेकंदही लागले नाहीत. पायांत ताकद तेवढ्यात आली नव्हती.

पोटावर अन्याय नको. १९६७ साली मॉस्कोतील संशोधकांनी दाखवलं होतं की उभा माणूस झटकन हात वर करतो, तेव्हा हाताच्या स्नायूंच्या आधी पायांचे स्नायू कामाला लागलेले असतात. शरीर येणारा धक्का ओळखून आधीच पाय रोवतं. पॅडल ओढताना अशी पूर्वतयारी पोट-पाठीचे स्नायूही करतात, आणि खांद्याचा जोर बोर्डपर्यंत पोचतो तो धडातूनच. पण ते आपोआप होतं. श्वास रोखून पोट आवळून ठेवल्याने उलट सगळं अंग ताठतं.

किनाऱ्यावरच्या एका दुकानात "बॅलन्स वाढवणारं" ब्रेसलेट विकायला ठेवलेलं पाहिलं, म्हणून हेही लिहिते. विक्रेता आधी तुमचा आडवा धरलेला हात खाली दाबतो, तुमचा तोल जातो. मग ब्रेसलेट घालून पुन्हा दाबतो, तुम्ही स्थिर राहता. दुसऱ्या वेळी धक्का येणार हे शरीराला माहीत असतं, आणि दाबाची दिशा शरीराकडे जराशी वळवली तरी तोल जात नाही. अशी ब्रेसलेटं विकणाऱ्या एका कंपनीला २०१० साली ऑस्ट्रेलियात जाहीरपणे मान्य करावं लागलं की तिच्या दाव्यांना कसलाही विश्वासार्ह शास्त्रीय आधार नाही. घोट्यात काळा दोरा बांधून येणाऱ्या मुलींना माझं सांगणं एवढंच, की दुसऱ्या घोट्याला बोर्डची लीश, म्हणजे आपल्याला बोर्डशी जोडणारी दोरी, बांधा. समुद्रात पडल्यावर बोर्ड हाताशी ठेवते ती लीश. आणि वाहत्या नदीत, खारफुटीच्या मुळांजवळ किंवा होड्यांच्या दोरांजवळ, घोट्याची लीशही अडकून घात करू शकते. तिथे झटक्यात सुटणारी कमरेची लीशच हवी.

डोळ्यांबद्दल मात्र भाचा अगदी बरोबर होता. खाली पाहायचं नाही. अंतर्कर्ण, पायांतली जाणीव आणि डोळे हे तिघं मिळून मेंदूला "तू सरळ आहेस का" ते सांगतात. पाणी स्वतःच हलतं, त्यामुळे त्याकडे पाहणारे डोळे खोटी साक्ष देतात. पलीकडच्या काठावरचा एखादा माड धरायचा. आणि पॅडल पाण्यात असू द्यायचं. ते पाण्यात असताना तिसरा पाय असतो. नवखी माणसं बहुतेक वेळा ते हवेत असताना पडतात.

फेब्रुवारीत अश्वेला, गुडघाभर लाटांत, भाच्याने मला दुसरा पवित्रा शिकवला. डावं पाऊल पुढे, उजवं मागे फिनच्या (शेपटाखालच्या पात्याच्या) दिशेला, दोन्ही तिरकी. (डावं पुढे ठेवणाऱ्याला रेग्युलर म्हणतात, उजवं पुढे ठेवणाऱ्याला गूफी, दोन्हींत सरस-निरस काही नाही.) इथे गंमत अशी होते की शरीर वळलं, बोर्ड वळला नाही. बोर्डचं डावं-उजवं कलणं आता माझ्यासाठी बरंचसं पुढे-मागे झालं, बोटांकडे आणि टाचांकडे. म्हणजे काम खुब्यांकडून घोट्यांकडे, त्या लांब तरफेकडे आणि दणकट पोटऱ्यांकडे आलं. बोर्डची लांबी आता माझी डावी-उजवी बाजू झाली, आणि त्या दिशेला तर मेटासेंटर माडाएवढ्या उंचीवर. मागच्या पायावर भार टाकला की शेपूट बुडतं आणि बोर्ड फिरतो. पुढच्यावर टाकला की तो लाटेच्या उतारावरून धावतो. त्यात वेग आला की तळाला घासून जाणारं पाणी स्वतःच बोर्डला उचलून धरतं. मग हाच पवित्रा नदीत का घेत नाहीत? तिरकं उभं राहून दोन्ही बाजूंना सारखं वल्हवता येत नाही. एक बाजू कायम पाठीमागे पडते, कंबर पिळलेली राहते, आणि तासाभरात एकाच बाजूचे स्नायू थकतात.

तिथून परतताना किनाऱ्यालगत एक होडी दिसली. तिच्या टोकाशी एक मच्छीमार फेकायचं जाळं खांद्यावर घेऊन उभा होता. एक पाऊल पुढे, एक मागे, गुडघे सैल, नजर दूर. जाळं फेकताना त्याचं सगळं धड फिरलं, होडी जोरात हलली, आणि त्याचं डोकं मात्र हललं नाही.

दुसऱ्या दिवशी जिन्यावर माझे खुबे ठीक होते. पोटऱ्या दुखत होत्या, आणि डावी मांडी उजवीपेक्षा जास्त.