पहिल्याच दिवशी बेंच काहून देत नाही?

आमच्या जिममध्ये नवीन आलेला प्रत्येक जण हेच विचारतो, म्हणून एकदाचं छापूनच घेतलं. (बेंच म्हणजे बाकावर उताणं झोपून छातीवरून रॉड वर ढकलणं.) पावतीसोबत घरी न्या, घरच्यांनाही दाखवा.

होतं असं. पोरगा सोमवारी फी भरतो आणि दोन वर्षांपासून येणाऱ्या मित्राच्या मागे मागे सगळं करतो. डंबेल, बेंच, स्क्वॉट, एकाच संध्याकाळी. मंगळवारी अंग थोडं अवघडतं. बुधवारी हात कोपरात सरळ होत नाही, भांग पाडायला मानच खाली न्यावी लागते, संडासात बसला की उठताना भिंत धरावी लागते. मग आठ दिवस गायब. परत आला की आमची पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. एकाच्या वडिलांनी तर फोन करून विचारलं, "पोट्ट्याले मारलं का कोणी तिथं?"

"भाऊ, मी तर युरियाची बॅग उचलतो," हेही रोजचंच. मान्य, ४५ किलो काही कमी नाही. पण बॅग एकदा खांद्यावर घेतली की चालत सुटायचं असतं. इथे वजन दहा-दहा वेळा सावकाश खाली सोडायचं असतं, आणि अंग जास्त दुखतं ते या खाली सोडण्यानंच. सवय नसली की दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरतं.

म्हणून पहिले दोन आठवडे आमच्या वहीप्रमाणे. एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदा. बैठका, बाकावर हात टेकून जोर, दोरीची मशीन हलक्या वजनावर, शेवटी नुसता रॉड. मोठा रॉड रिकामाच २० किलोचा आहे, हसू नका. प्रत्येकाचे दोनच सेट. घरी जाताना "अजून जमलं असतं" वाटलं पाहिजे. "पैसे घेते अन् व्यायाम करू देत नाही" असं गावात बोलतात, माहीत आहे. वही पाळणारा तिसऱ्या आठवड्यात बेंचवर असतो. बाकीचे तेव्हा घरी हळद-तेल चोळत असतात.

साधं दुखणं चार-पाच दिवसांत जातं. लघवी चहाच्या रंगाची झाली किंवा सांधा सुजला, तर आमच्याकडे न येता सरळ दवाखान्यात जा.

पोलीस भरतीवाल्यांनी १६०० मीटर मैदानावरच पळावं. ट्रेडमिल आहे, पण लाइन गेली की तीही उभी.

प्रोटीनचा डबा इथे मिळतो, पण पहिला महिना नवीन माणसाला आम्ही विकत नाही. १०० ग्रॅम सोयाबीन वडीत ५० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, आणि सोयाबीनच्या गावात हे आम्ही सांगावं!

सोंगणी-वेचणीत खाडे पडणार असतील तर आधी सांगा, तेवढे दिवस पुढे वाढवून देतो. न सांगता गेलेल्यांचे नाही. तीन महिन्यांची फी एकदम भरली तर वही आणि पहिल्या महिन्याची शिकवणी त्यातच.

सहा ते आठ गर्दी असते. नवीन असाल तर साडेचारला या, बूट घालून. त्या वेळी मी स्वतः असतो.