टॉम हेगन : मुलगा, पण सिसिलियन नव्हे

मारिओ पुझो यांच्या १९६९ सालच्या कादंबरीवरून फ्रान्सिस फोर्ड कपोला यांनी १९७२ मध्ये ‘द गॉडफादर’ पडद्यावर आणला, तेव्हा चर्चा झाली ती प्रामुख्याने माफिया टोळीचा प्रमुख, म्हणजे ‘डॉन’, व्हिटो कोर्लिओने याच्या सख्ख्या मुलांची. स्थलांतरितांच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र टॉम हेगन अधिक बोलका वाटतो. जर्मन-आयरिश वंशाच्या, डोळ्यांना संसर्ग झालेल्या या निराधार पोराला डॉनचा थोरला मुलगा सनी घरी घेऊन येतो. डॉन त्याला जेवू घालतो, वाढवतो, वकील करतो, पण कायदेशीर दत्तक घेत नाही, कारण त्यामुळे मुलाच्या जन्मदात्यांचा अवमान होईल, अशी त्याची धारणा असते.

या धारणेमागचा समाज १८८० ते १९२० या काळात अमेरिकेत आला. सुमारे चाळीस लाख इटालियन तेव्हा तेथे पोहोचले आणि त्यांतील बहुसंख्य दक्षिण इटली व सिसिलीतील गरीब लोक होते. सरकारवर विसंबण्यापेक्षा नात्यागोत्यावर आणि धर्मपित्याच्या (‘गॉडफादर’च्या) संबंधांवर भिस्त ठेवण्याची सवय त्यांनी गावाकडूनच आणली होती. नव्या देशातील अनुभवही ती सोडायला लावणारा नव्हता : न्यू ऑर्लिन्समध्ये १८९१ साली पोलीसप्रमुखाच्या खुनानंतर जमावाने तुरुंगात घुसून अकरा इटालियनांना ठार मारले.

१९२० मध्ये देशभर दारूबंदी आली आणि चोरट्या दारूच्या धंद्याने वंशांच्या भिंती बऱ्याच सैल केल्या. सिसिलीत जन्मलेला टोळीप्रमुख लकी लुसियानो आणि त्याचा साथीदार, आजच्या बेलारूसमधील ग्रोड्नोहून आलेला ज्यू मेयर लान्स्की हे याचे ठळक उदाहरण. तरीही १९३१ नंतर स्थिरावलेल्या ‘घराण्यां’चे, म्हणजे माफिया टोळ्यांचे, सदस्यत्व इटालियन वंशाच्या पुरुषांपुरतेच राहिले; लान्स्की कितीही विश्वासातला असला, तरी उंबऱ्याबाहेरच. बोटातून रक्त काढून आणि हातात कागद जाळून घ्यायच्या सदस्यत्वाच्या शपथेचे वर्णन अशाच एका घराण्याचा सदस्य जोसेफ वलाची याने १९६३ मध्ये सिनेट समितीपुढे केले, आणि दूरचित्रवाणीमुळे ते घरोघरी पोहोचले.

पुझो यांनी हेगनला सल्लागाराच्या, म्हणजे ‘कॉन्सिलिएरी’च्या पदावर बसवले ते ही चौकट मोडून, आणि माझ्या मते त्यातच या पात्राचे नाट्य आहे. कादंबरीतील इतर घराणी कोर्लिओनेंना ‘आयरिश टोळी’ म्हणून हिणवतात. चित्रपटात टोळीयुद्ध पेटल्यावर हेगन सबुरीचा सल्ला देतो, तेव्हा त्याला एकेकाळी हाताला धरून घरी आणणारा सनीच त्याच्यावर खेकसतो : आपल्याकडे युद्धाच्या वेळचा सल्लागार, एखादा सिसिलियन असता, तर ही वेळ आली नसती. लगेच तो माफीही मागतो.