ट्रान्सीव्हर रचनेची निवड : ग्रामीण विदर्भ

प्रक्षेपक आणि ग्राहक एकाच सेटमध्ये असले की त्याला ट्रान्सीव्हर म्हणतात. संदेश किती दूर न्यायचा, बॅटरी किती दिवस पुरवायची आणि आसपास कोणत्या जोरकस लहरी आहेत, यावर त्याची आतली रचना ठरते.

एडविन आर्मस्ट्राँग यांनी 1918 मध्ये मांडलेल्या सुपरहेटरोडाइन रचनेत आलेली लहर स्थानिक आंदोलकाच्या (सेटमध्येच लहर तयार करणाऱ्या मंडलाच्या) लहरीत मिसळून ठरावीक मध्यम वारंवारतेवर उतरवतात. तिथे फिल्टर शेजारचे चॅनेल कापतो. मेळघाटाच्या दऱ्यांत वॉकी-टॉकीवरचा क्षीण आवाज पकडायला हीच रचना आजही भरवशाची. तिचे दुखणे म्हणजे प्रतिमा-वारंवारता, म्हणजे आंदोलकाच्या दुसऱ्या बाजूला तेवढ्याच अंतरावर असलेली नको ती लहर. सेट 150 मेगाहर्ट्झवर, मध्यम वारंवारता 10.7 आणि आंदोलक 139.3 वर असेल, तर 128.6 ची लहरही त्याच जागी येऊन बसते. ती पडते विमानांच्या संभाषणाच्या पट्ट्यात (118 ते 137), आणि नागपूरच्या आभाळातून चारही दिशांची विमाने जातात! आंदोलक 160.7 वर नेला की प्रतिमा 171.4 वर सरकते. हा हिशेब आधी कागदावरच करावा. सेट हातात आल्यावर फारसा उपाय उरत नाही.

थेट रूपांतर रचनेत मध्यम वारंवारता शून्य असते. सुटे भाग कमी लागतात, म्हणून मोबाइलमध्ये ती रुळली. मात्र आंदोलकाची लहर अँटेनाकडे गळते, परत येऊन स्वतःशीच मिसळते आणि डीसी ऑफसेट, म्हणजे संदेशात मिसळणारा नकोसा स्थिर विद्युतदाब, उभा राहतो. 12.5 किलोहर्ट्झच्या अरुंद चॅनेलमध्ये तो फार जाचतो.

पराटीच्या वावरात ओलावा मोजणाऱ्या सेन्सरला निम्न मध्यम वारंवारतेची (शून्याच्या जवळची, पण शून्य नसलेली) रचना सोयीची. लोरा या कमी शक्तीत दूरवर संदेश नेणाऱ्या रेडिओ पद्धतीसाठीची एसएक्स 1276 ही चिप याच जातीची. ऐकताना ती सुमारे 10 मिलिअँपिअर घेते आणि बाकी वेळ झोपून राहते. भारतात 865 ते 868 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ठरलेल्या शक्तिमर्यादेत परवान्याशिवाय प्रक्षेपण करता येते.

उन्हाळ्यात इथे पारा 45 अंशांपुढे जातो आणि सेटची वारंवारता ठरवणारा क्रिस्टल आपल्या आकड्यावरून सरकतो. 866 मेगाहर्ट्झवर दशलक्षात 10 भागांचा फरक म्हणजे 8.66 किलोहर्ट्झ. लोराच्या 125 किलोहर्ट्झमध्ये तो खपतो, 12.5 च्या चॅनेलमध्ये संदेशच हरवतो. अरुंद पट्ट्याचाच सेट हवा असेल, तर तापमान-भरपाईचा क्रिस्टल आंदोलक घ्यावा आणि पेटी तापलेल्या टिनाखाली न लावता धुऱ्यावरच्या झाडाच्या सावलीत लावावी.