पार्श्वभूमी : पाहुण्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स किती वर्षे ठेवायची?

गोव्यात कागद फेकायची सवय नाही. इथला दफ्तरखाना 1595 चा, आणि जमिनीच्या दाव्यात आजोबांच्या वेळची पावतीही कामाला येते. ही सवय हॉटेलांच्या रिसेप्शनमागच्या कपाटांतही शिरली. पूर्वी निम्मी आवराआवर पावसाळा आणि वाळवी करायची. स्कॅनर आला आणि तीही थांबली.

परदेशी पाहुणा आला की 24 तासांत त्याची माहिती सरकारला कळवणारा सी फॉर्म, हे कळंगूटच्या दोन खोल्यांच्या गेस्ट हाऊसलाही पाठ आहे. सप्टेंबर 2025 मध्ये त्यामागचा कायदा बदलला, मुदत तीच राहिली. देशी पाहुण्याच्या आधारची पूर्ण प्रत मात्र बहुतेक ठिकाणी निव्वळ सवयीने घेतली जाते. शेवटचे 4 अंकच दाखवणारे मास्क केलेले आधार उपलब्ध असताना अख्खा नंबर व्हॉट्सॲपवर मागवला जातो. कोविडकाळात भरून घेतलेली आरोग्याची घोषणापत्रेही अनेकांकडे अजून पडून आहेत.

खरा घोळ ‘रेकॉर्ड’ या एका शब्दाने केला. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने ठेवावे लागतात. 2023-24 चे विवरणपत्र 31 डिसेंबर 2024 पर्यंत भरायचे होते, म्हणजे त्या वर्षाची बिले 31 डिसेंबर 2030 पर्यंत. कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तके 8 आर्थिक वर्षे. हिशेबनीस सांगतो, ‘रेकॉर्ड आठ वर्षं ठेवा.’ त्याच्या मनात बिल असते. पण बिलाला मागून पासपोर्टची झेरॉक्स पिन केलेली असते, आणि तीही आठ वर्षे मुक्कामाला राहते. बिल सिद्ध करायला नाव, तारीख, रक्कम, कर पुरेसे आहेत. पासपोर्टवरचा फोटो कोणत्याही करात बसत नाही. दोन्ही कागद पहिल्या दिवसापासून वेगळ्या फायलींत गेले असते, तर हा घोळ झालाच नसता.

2023 च्या वैयक्तिक डेटा कायद्याने काम संपले की माहिती पुसायला सांगितले. नोव्हेंबर 2025 मध्ये नियम आले. मुख्य जबाबदाऱ्या 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतील. त्यातली माहिती पुसण्याची 3 वर्षांची मुदत सगळ्यांना आहे असा समज पसरला आहे. ती कोट्यवधी वापरकर्ते असलेली खरेदीची संकेतस्थळे, समाजमाध्यमे आणि मोठ्या गेमिंग कंपन्यांपुरती आहे; बागा किनाऱ्यावरच्या हॉटेलचा तिच्याशी संबंध नाही. दुसरी तरतूद जास्त बोचणारी. सरकारला तपासासाठी लागू शकेल म्हणून माहिती आणि तिच्या वापराचे लॉग (संगणकातल्या नोंदी) किमान 1 वर्ष ठेवायचे. पुसा म्हणणाऱ्या कायद्यानेच ठेवा म्हणावे, यावर टीका झाली, आणि ती रास्त आहे. आधीच ‘किमान’ हा शब्द वाचून कोणी काही पुसत नाही. सुरक्षेत हयगय झाली तर दंड मात्र 250 कोटी रुपयांपर्यंत.

पुसायला बसले की मुख्य सॉफ्टवेअरमधली नोंद जाते आणि काम झाल्यासारखे वाटते. प्रत उरते ती रिसेप्शनच्या मोबाईलच्या गॅलरीत, तिच्या क्लाउड बॅकअपमध्ये, स्कॅनरने पाठवलेल्या मेलच्या ‘सेंट’ फोल्डरमध्ये, झेरॉक्स मशीनच्या हार्ड डिस्कमध्ये आणि सीझनला काढलेल्या एक्सेल यादीत. जुना बॅकअप परत चढवला की पुसलेली नोंदही परत येते. म्हणून काय पुसले याची नुसत्या बुकिंग क्रमांकांची यादी वेगळी ठेवून, बॅकअप चढवल्यावर त्या यादीतल्या नोंदी पुन्हा पुसाव्या लागतात. मशीन भंगारात देण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्यावी लागते.