रोज लावायचं की एकदाच कापायचं?

उताणं झोपा, खालचा जबडा वरच्या दातांच्या पुढे काढा आणि श्वास घ्या. घशाच्या मागे जागा झाल्यासारखं वाटेल. बेशुद्ध माणसाचा श्वास मोकळा करताना भूलतज्ज्ञ हेच करतात, जबड्याच्या कोनाला बोटं लावून तो पुढे उचलतात. जिभेचा मुख्य स्नायू हनुवटीच्या आतल्या बाजूला चिकटलेला असतो, त्यामुळे जबड्याबरोबर जीभही पुढे येते.

ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्नियात, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास पुन्हा पुन्हा अडण्याच्या आजारात, याच्या उलट घडतं. श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो, घशाला तो नाही. झोपेत स्नायू सैलावले की घसा मिटतो, श्वास 10 सेकंद किंवा त्याहून जास्त अडतो, मेंदू दचकतो, श्वास सुटतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. तासाला असे 5 ते 15 अडथळे म्हणजे सौम्य आजार, 30च्या वर गेले की तीव्र. हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र हे अडथळे कमी करण्यात आजही सर्वांत पुढे आहे. पण तोंडावर मास्क बांधून झोपणं अनेकांना सोसत नाही आणि यंत्र कपाटात जातं.

मग उरतात दोन वाटा. पहिली, तोंडात बसवायचं उपकरण. दंतवैद्य दातांचं माप घेऊन वरच्या-खालच्या दातांवर घट्ट बसणारे दोन साचे बनवतात आणि काही आठवड्यांत खालचा जबडा मिलिमीटर-मिलिमीटरने पुढे आणतात. सुरुवातीला उशी लाळेने भिजते, जबडा अवघडतो, सकाळी दाढा एकमेकींवर बसत नाहीत. हे बहुतेकांचं ओसरतं. मात्र वर्षानुवर्षांच्या वापराने दात खरंच थोडे सरकतात. आणि पक्के दात पुरेसे नसतील तर साच्याला पकडच मिळत नाही.

दुसरी वाट शस्त्रक्रियेची. ‘एकदाचं उरकून टाका’ म्हणणाऱ्यांना ती आवडते. पण शस्त्रक्रिया ही एक नाही. टॉन्सिल, पडजीभ आणि मऊ टाळूची कड कापून घसा रुंद करण्याची पद्धत 1981मध्ये मांडली गेली. गंमत म्हणजे सीपॅपही त्याच वर्षीचं. टॉन्सिल मोठे असतील तर ती छान चालते. अडथळा जिभेच्या मुळाशी असेल तर टाळू कापून काय होणार? म्हणून आता औषधाने झोपवून, नाकातून दुर्बीण घालून घसा नेमका कुठे मिटतो ते आधी पाहतात. दोन्ही जबडे कापून पुढे बसवण्याची शस्त्रक्रिया फार परिणामकारक आहे, पण मोठी आहे. नंतर खालचा ओठ बधिर राहू शकतो.

स्वीडनमध्ये 95 रुग्णांवर टाळूची शस्त्रक्रिया आणि उपकरण यांची थेट तुलना झाली. चार वर्षांनी तपासलेल्यांपैकी उपकरणवाल्या गटात 63 टक्के आणि शस्त्रक्रियेच्या गटात 33 टक्के लोकांचा श्वास जवळपास पूर्ववत होता. उपकरण जिंकलं म्हणायचं? थांबा. चार वर्षांनी ते वापरत राहिलेले होते 62 टक्केच. डबीत ठेवलेलं उपकरण काहीच करत नाही. कापलेला टाळू मात्र पुन्हा जोडता येत नाही, आणि काहींना नंतर गिळताना त्रास होतो किंवा पाणी नाकात येतं. टॉन्सिल अवाढव्य नसतील आणि आजार सौम्य ते मध्यम असेल, तर मी आधी काढून ठेवता येईल अशा गोष्टीकडे वळेन. मुलांचं वेगळं, त्यांच्यात टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड (नाकाच्या मागची गाठ) काढणं हाच सहसा पहिला उपाय.

कोणतीही वाट धरली तरी घोरणं थांबलं म्हणून निर्धास्त होऊ नये. टाळू आखडला की आवाज जातो, श्वास अडणं मात्र शिल्लक राहू शकतं, आणि आता शेजारी झोपलेल्यालाही ते कळत नाही. त्यासाठी पुन्हा एक रात्र अंगाला तारा लावून झोपेची तपासणी करावी लागते, उपकरण असेल तर ते तोंडात ठेवूनच.