घरातला आल्तार: चर्चच्याही आधीची जागा

नवीन घर घेतलं की वसईचे, मुंबईचे, गोव्याचे कॅथलिक काही प्रश्न हमखास विचारतात. आल्तार, म्हणजे घरातली प्रार्थनेची जागा, कुठल्या भिंतीला लावायचा? त्यावर कोणाकोणाच्या मूर्ती असाव्यात? फादर येऊन आशीर्वाद देईपर्यंत तिथे प्रार्थना करायची नाही का? बहुतेक वेळा आजी किंवा आई जे करत आली तेच पुढे चालतं, आणि त्यात वावगं काही नाही. पण या सवयींमागचा इतिहास कळला की मनावरचं दडपण कमी होतं आणि एक मोठा गैरसमजही दूर होतो. घरातला आल्तार म्हणजे चर्चमधल्या वेदीची लहान प्रतिकृती, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. आधी घर आलं, चर्चची इमारत फार नंतर आली.

पहिली तीनेक शतकं ख्रिस्ती लोक घरांतच जमत. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात घरोघरी भाकर मोडण्याचा, म्हणजे एकत्र प्रार्थना-भोजनाचा, उल्लेख आहे. आजच्या सीरियात युफ्रेटिस नदीकाठी दुरा-युरोपोस नावाचं गाव होतं. तिथे इ. स. 240च्या सुमारास एका राहत्या घरात फेरफार करून प्रार्थनेची जागा केली गेली. 256च्या सुमारास ते गाव वेढ्यात पडलं आणि मातीखाली गाडलं गेलं, म्हणूनच ते घर आपल्यापर्यंत पोहोचलं. बाप्तिस्म्याच्या, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेच्या, खोलीच्या भिंतीवर मेंढपाळाच्या रूपातला ख्रिस्त रंगवलेला होता. त्याच काळात ओरिजेन या विद्वानाने प्रार्थनेवर लिहिताना सुचवलं की शक्य असेल तर घरातली एक शांत जागा प्रार्थनेसाठी निवडावी आणि तोंड पूर्वेकडे करावं, कारण सूर्य तिकडून उगवतो. आजही काही जण आल्तार पूर्वेच्या भिंतीला लावतात, तो वास्तुशास्त्राचा प्रभाव असं कुणी म्हणालं तर त्यांना ओरिजेनचं नाव जरूर सांगावं. मात्र चर्चने घरासाठी दिशेचा नियम कधी केला नाही. पूर्वेची भिंत मोकळी नसेल तर खुशाल दुसरी निवडावी.

मूर्ती आणि चित्रं ठेवावीत की नाहीत यावर पुढे आठव्या शतकात मोठं वादळ उठलं. 787 साली निकेया इथल्या दुसऱ्या धर्मपरिषदेने त्याचा निकाल दिला. पवित्र प्रतिमा चर्चमध्ये असाव्यात, तशाच घरांत आणि रस्त्यांच्या कडेलाही असाव्यात, असं परिषदेने स्पष्ट म्हटलं. गोव्यातल्या वाड्यावाड्यांवरचे (वस्त्यांवरचे) आणि वांद्र्याच्या, गिरगावच्या गल्ल्यांतले क्रूस त्या निर्णयाला धरूनच आहेत.

आपल्या किनाऱ्यावरची गोष्ट सुरू होते ती पोर्तुगीजांपासून, आणि ती सरळ नाही. 1510 साली गोवा त्यांच्या हाती गेला. 1534च्या तहाने वसई गेली. गोव्यात 1560 साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, सुरू झालं आणि मधला छोटा खंड वगळता 1812पर्यंत चाललं. देवळं पाडली गेली. मंगेश, शांतादुर्गा या देवतांना त्यांच्या भक्तांनी नदीपलीकडे फोंड्याच्या भागात नेलं, तिथेच आज ती मोठी देवस्थानं उभी आहेत. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांच्या घरातला देव्हारा गेला. 1736च्या फर्मानाने तर अंगणात तुळस लावण्यापर्यंतच्या घरगुती चालीरीतींवर बंदी घातली. घरातल्या आल्ताराचा इतिहास सांगताना हे टाळलं तर तो इतिहास खोटा ठरेल. अनेक घरांत पहिला आल्तार उभा राहिला तो अशा रिकाम्या झालेल्या जागेवर, भीतीच्या सावलीत. पण भीतीने उभारलेली गोष्ट चारशे वर्षं टिकत नाही. ती टिकली कारण घरच्यांनी ती आपली करून घेतली. गोव्यातल्या जुन्या घरांपुढचा चौथऱ्यावरचा क्रूस बघा, त्याची ठेवण तुळशी वृंदावनाची आठवण करून देते. आत गेलात की तेलाचा दिवा, फुलांचा हार, संध्याकाळची वेळ आणि सगळ्या कुटुंबाने मिळून बसणं आहेच.

ही आपली करून घेण्याची प्रक्रिया सर्वांत ठळक दिसते ती लाकडात आणि हस्तिदंतात. ख्रिस्ती मूर्ती हिंदू कारागिरांकडून करवून घेऊ नयेत, असं 1567च्या गोव्यातल्या प्रांतीय धर्मसभेने बजावलं होतं. पण हात त्यांचेच कुशल होते आणि कामही त्यांच्याकडेच जात राहिलं. त्यांनी घडवलेली घरगुती आल्तारं, म्हणजे गोव्यात ज्यांना ओरातोर म्हणतात ती दारांची कोरीव लाकडी कपाटं, पाहिली की हे लगेच ध्यानात येतं. दारं उघडली की आत सोनेरी मुलामा, वेली आणि फुलं, आणि मधोमध क्रूस किंवा सायबीण, म्हणजे येशूची आई मारिया. सतराव्या शतकातल्या गोव्यात हस्तिदंताचा ‘चांगला मेंढपाळ’ घडवला जाई. डोंगरासारख्या रचलेल्या पायऱ्यांच्या माथ्यावर बाळ येशू पाय दुमडून बसलेला, डोळे मिटलेले, गालाला हात टेकवलेला. खाली मेंढरं, झरा आणि सर्वांत तळाच्या गुहेत पहुडलेली येशूची शिष्या मारिया माग्दालेना. दुरा-युरोपोसच्या भिंतीवरचा मेंढपाळ तोच, पण बसण्याची ढब आपल्या मातीतल्या ध्यानस्थ मूर्तींची. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. गोव्याला जाणाऱ्या मराठी माणसाने तिथलं प्रसिद्ध बॉम जेझुस बासिलिका हे चर्च पाहून परत न फिरता तिथे तासभर द्यावा.

या ओरातोरासमोर जी प्रार्थना होते ती लादीन, म्हणजे मारियेची स्तुतिमाला. तिचं इटलीतल्या लोरेटो इथलं रूप 1587 साली पोप सिक्स्तुस पाचवे यांनी मान्य केलं. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना संगीत शिकवलं जाई, आणि ते संगीत घरोघर पोहोचलं. त्यामुळे एखाद्या वाड्यावर व्हायोलिनच्या साथीने दोन-तीन आवाजांत लॅटिन लादीन गाणारे लोक शेतकरी, खलाशी, सुतार असतात. धर्मगुरूची गरज नसते. गाणं संपलं की उकडलेले चणे आणि खोबरं वाटतात, मोठ्यांना थोडी फेणी. सायबिणीची मूर्ती एका घरून दुसऱ्या घरी नेण्याची प्रथाही अशीच लोकांनी चालवलेली आहे. आज चर्चमधला मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, कोकणीत आणि मराठीत होतो, पण लॅटिन लादीन घरांत अजून ऐकू येते. ज्यांना लॅटिनचा अर्थ कळत नाही तेही ती मुखोद्गत म्हणतात. ही परंपरा लोकांनी स्वतः राखली, याचं मला फार मोल वाटतं.

वसईची कथा थोडी वेगळी. मे 1739मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला आणि पोर्तुगीज सत्ता गेली. तिच्याबरोबर युरोपीय धर्मसंघही गेले. किल्ल्यातली मोठमोठी चर्चेस ओस पडली, त्यांच्या भिंती आजही तशाच उभ्या आहेत. गावं मात्र कुठे गेली नाहीत. सामवेदी, वाडवळ, कोळी, आगरी ख्रिस्ती आपल्या वाड्यांत, बागायतीत, होड्यांवर राहिले. धर्मगुरू कमी, अंतरं लांब. अशा काळात श्रद्धा मुलांपर्यंत पोहोचते ती घरातूनच. जपमाळेला पुस्तक लागत नाही, अक्षरओळख लागत नाही, आजीच्या शेजारी बसलं की पुरे. चर्चमध्ये लॅटिन चालत असतानाही वसईच्या घरांत येशूशी बोलणं घरच्या बोलीत व्हायचं. वसईचेच संत गोन्सालो गार्सिया 1597 साली नागासाकीत क्रूसावर हुतात्मा झाले आणि 1862 साली त्यांना संतपद मिळालं. त्यांची प्रतिमा वसईच्या आल्तारांवर दिसते ती घरच्या माणसाच्या नात्याने.

घर सोडून दूर गेलेल्यांनीही आल्तार बरोबर नेला. मुंबईत धोबी तलाव, माझगाव, डोंगरी भागात गोव्यातल्या गावांनी आपापल्या कुडी, म्हणजे गावकऱ्यांची सामाईक वसतिगृहं, उभारल्या. बोटीवर नोकरी शोधणारे तरुण तिथे अगदी थोड्या पैशांत राहत. खाट नसली तरी चालेल, ट्रंक ठेवायला जागा हवी. खोलीत गावच्या संताचा आल्तार असायचा आणि संध्याकाळच्या तेर्साला, म्हणजे जपमाळेला, हजर राहणं हा नियम होता. धोबी तलावच्या जेर महाल इमारतीत अशा काही कुडी अजून आहेत. गावाकडच्या घरापासून शेकडो मैल दूर, बायकामुलं नसलेल्या त्या पुरुषांना गावचं घर तिथेच, त्या आल्तारापुढे मिळत होतं.

आज बहुतेक घरांत आल्तारावर किंवा दर्शनी भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाचं चित्र असतं, खाली लाल दिवा. ही प्रथा तुलनेने नवी. फ्रान्समधल्या संत मार्गारेट मेरी आलाकोक यांना 1673 ते 1675 या काळात झालेल्या दर्शनांपासून ही भक्ती पसरली. आपल्या ओळखीचं चित्र ज्याच्यावरून आलं ते पोम्पेओ बातोनी यांनी अठराव्या शतकात रोममध्ये रंगवलं. पुढे रंगीत छपाई स्वस्त झाली आणि ते जगभरच्या घरांत पोहोचलं. 1907पासून फादर मातेओ क्रॉली-बोएवी यांनी कुटुंबात पवित्र हृदयाची स्थापना करण्याचा विधी जगभर फिरून रुजवला. या विधीत धर्मगुरू चित्राला आशीर्वाद देतात, पण समर्पणाची प्रार्थना घरातली माणसं म्हणतात आणि प्रमाणपत्रावर सह्याही त्यांच्याच असतात. जुन्या घरांत फ्रेमच्या मागे अशी प्रमाणपत्रं सापडतात. रंग उडालेला म्हणून ती फ्रेम टाकून देऊ नका, खापरपणजोबांची सही कदाचित फक्त तिथेच उरली असेल.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या, मराठवाड्यातल्या कॅथलिकांचा आल्तार याहून साधा असतो. नगर भागात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेझुइट या धर्मसंघाचं मिशन आलं. मातीच्या घरात एक क्रूस, मारियेचं एक चित्र. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियेच्या, यात्रेहून आणलेली तसबीर पिढ्यान् पिढ्या भिंतीवर राहते. कोरीव लाकूड नाही म्हणून ती प्रार्थना उणी होत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1964 साली कुटुंबाला घरातली मंडळी, म्हणजे गृह-चर्च, म्हटलं. 1992च्या ‘कॅथलिक धर्मशिक्षण’ या चर्चच्या अधिकृत ग्रंथात तर बायबल आणि प्रतिमा असलेल्या प्रार्थनेच्या कोपऱ्याचा थेट उल्लेख आहे. कोकणातल्या आज्यांना हे नवीन नव्हतं. पण परिषदेने एक खरा बदल घडवला तो म्हणजे लोकभाषेतल्या बायबलला मिळालेलं स्थान. पूर्वी आल्तारावर संतांची गर्दी आणि बायबल कपाटात, असं चित्र होतं. माझ्या मते आज नवीन आल्तार मांडणाऱ्याने सुरुवात क्रूस आणि उघडं मराठी बायबल यांपासून करावी. मग मारिया, मग घराला जवळचा एखादा संत. ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी मिळालेली झावळी क्रूसामागे खोचावी, ती पुढच्या वर्षी राख बुधवारच्या, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाच्या, राखेसाठी चर्चमध्ये परत जाते. मृतांचे फोटो शेजारच्या भिंतीवर लावले तर बरं, आल्तारावर क्रूस मध्यभागी राहू द्यावा.

फादरांचा आशीर्वाद जरूर घ्यावा, पण त्यासाठी प्रार्थना थांबवायची गरज नाही. घरच्या आल्ताराला फक्त दोन मर्यादा आहेत. तिथे पवित्र साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेली पवित्र भाकर, ठेवता येत नाही, आणि गरज असल्याशिवाय मिस्साही होत नाही. 1983च्या धर्मकायद्यात तसं स्पष्ट आहे. 2020 साली चर्चेसची दारं बंद झाली तेव्हा अनेक घरांत आल्तारासमोर मोबाईल टेकवून मिस्सा पाहिला गेला. त्या मिस्सात साक्रामेंत घेता येत नव्हतं, ही उणीव लोकांना टोचत होती. पण संध्याकाळची जपमाळ त्या महिन्यांत नेहमीसारखीच चालू राहिली, कारण तिच्यासाठी घराबाहेर पडावंच लागत नव्हतं.