पेंडीचं पोतं आणि उचललेलं चाक

बारावीची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात माझ्या हातून आयुष्यातली एकमेव व्हीली, म्हणजे पुढचं चाक उचलून मागच्या चाकावर गाडी नेणं, झाली, आणि तीही मी मारलेली नव्हती. शंभर सीसीची गाडी, मागच्या कॅरिअरला आडवं बांधलेलं पन्नास किलोचं पेंडीचं पोतं आणि ओढ्यातून वर येणारी चढण. निम्म्यावर गाडी बंद पडली. किक मारली, पहिला गिअर टाकला, रेस वाढवली आणि घाईत क्लच सोडला. हेडलाइट थेट आभाळाकडे बघायला लागला.

पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर हॉस्टेलच्या पायऱ्यांवर या विषयाचे तज्ज्ञ भेटले. त्यांचे दोन पंथ होते. क्लचवाले म्हणायचे, रेस चढवून क्लच झटक्यात सोडल्याशिवाय चाक उचलत नाही. रेसवाले म्हणायचे, क्लचला हात लावला तर ती कसली व्हीली, इंजिनात दम हवा. वाद रात्री दीडपर्यंत चालायचा. ज्याला खरोखर येत होती तो मुलगा मात्र शेंगदाणे खात गप्प बसलेला असायचा. एकदा फारच छेडलं तेव्हा म्हणाला, "चाक उचलायला ताकद लागते रे. वर ठेवायला नाही." आम्ही हसलो. आज वाटतं, दोन्ही पंथांना न दिसलेली गोष्ट त्याने दोन वाक्यांत सांगितली होती.

आधी उचलण्याचं बघू. एसटी झटक्यात सुटली की उभा प्रवासी मागे कलतो, कारण पाय बसबरोबर पुढे जातात आणि धड मागे राहतं. मोटरसायकलचंही तसंच. मागचा टायर रस्त्याला मागे रेटतो, रस्ता गाडीला पुढे ढकलतो. पण हा धक्का बसतो जमिनीलगत, आणि गाडी व स्वार यांचा मिळून गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरतात तो बिंदू, असतो बराच वर. म्हणून पुढचा भाग उचलू बघतो. त्याला खाली धरून ठेवतं ते वजन. चाक कधी सुटेल हे फक्त दोन अंतरांवर ठरतं: गुरुत्वमध्य मागच्या चाकाच्या टेकण्याच्या जागेपासून किती पुढे आहे आणि जमिनीपासून किती वर आहे. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर येतं ते चाक सुटण्यासाठी लागणारं त्वरण, म्हणजे वेग वाढण्याचा दर, गुरुत्वाच्या, म्हणजे 'जी'च्या पटीत. गाडीचं वजन या हिशेबात येतच नाही.

११२ किलोची गाडी आणि ६५ किलोचा स्वार धरून मी ढोबळ आकडे मांडले. गुरुत्वमध्य साधारण ५३ सेंटिमीटर पुढे, ६८ सेंटिमीटर वर. म्हणजे ०.७८ जी हवं. या त्वरणाने गाडी सव्वादोन सेकंदांच्या आत शून्यावरून ६० किलोमीटरच्या वेगाला जाईल! शंभर सीसीच्या गाडीकडून ही अपेक्षा म्हणजे बैलाकडून शर्यतीच्या घोड्याचं काम. अशा इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ८ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. पहिल्या गिअरमध्ये तो तीसेक पट होऊन चाकाला मिळाला असं धरलं, तरी त्वरण अर्ध्या जीच्या खालीच राहतं.

मग चाक उचलतं कसं? इथे क्लचवाल्यांचं बरोबर होतं. क्लच दाबून रेस चढवली की क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, आणि त्याच्याबरोबर फिरणारं लोखंड मिनिटाला सहा-सात हजार फेऱ्या घेत असतं. त्या फिरण्यात ऊर्जा साठलेली असते. क्लच सोडला की ती एका क्षणात मागच्या चाकावर ओतली जाते, आणि तेवढ्यापुरता चाकाला इंजिनाच्या कुवतीपेक्षा मोठा रेटा मिळतो. विहिरीतून पोहऱ्याने पाणी काढून साठवायचं आणि मग हंडा एकदम उपडा करायचा, तसं. हंडा रिकामा झाला की संपलं. म्हणून छोट्या गाड्यांचं चाक उडी मारल्यासारखं वर येतं आणि बदकन खाली आपटतं. रेसवाल्यांचंही खोटं नव्हतं. त्यांच्या डोक्यात हजार सीसीच्या गाड्या होत्या, एवढंच. त्यांचं इंजिन हंडा न भरताच पुरेसा रेटा देतं. शर्यतीच्या गाड्यांना तर खालच्या गिअरमध्ये इंजिनाची सगळी ताकद वापरताच येत नाही, कारण चाक उठायला लागतं. ड्रॅग रेसच्या, म्हणजे थोड्या अंतराच्या सरळ शर्यतीच्या, गाड्या लांबुडक्या असतात त्या यासाठीच.

आता त्या शेंगदाणेवाल्याचं वाक्य. चाक जसजसं वर जातं तसतसा गुरुत्वमध्य मागच्या चाकाच्या टेकण्याच्या जागेवर सरकत येतो, आणि गाडी वर धरून ठेवायला लागणारं त्वरण घटत जातं. माझ्या आकड्यांच्या गाडीत ते सुरुवातीला ०.७८ जी आहे. गाडी १९ अंश उचलली की ०.३४. आणि ३८ अंशांवर गुरुत्वमध्य बरोबर चाकावर येतो, तिथे शून्य. त्या बिंदूवर गाडी एका वेगाने, निवांत, एका चाकावर जाऊ शकते. त्याच्या अलीकडे मात्र सतत वेग वाढवत राहावं लागतं. १९ अंशांवर लटकून राहायचं तर दर सेकंदाला वेग १२ किलोमीटरने वाढवायचा. पाच सेकंदांत ६० ची भर. पहिल्या गिअरला एवढा वेग असतोच कुठे? इंजिन किंचाळतं आणि चाक खाली येतं.

१९९१ च्या मे महिन्यात जपानमध्ये त्सुकुबाच्या चाचणी ट्रॅकवर यासुयुकी कुडो यांनी न थांबता ३३१ किलोमीटर मागच्या चाकावर कापले. त्याआधी १९८४ मध्ये अमेरिकेत टॅलाडेगाच्या ट्रॅकवर डग डोमोकोस यांनी २३३ किलोमीटरपर्यंत मजल मारली होती. कुडोंची गाडी कुठली? होंडाची टीएलएम २२० आर. दगडधोंड्यांवरून तोल सांभाळत चढवायची, हलकी, जेमतेम सव्वादोनशे सीसीची ट्रायल्सची गाडी. ताकदीचा प्रश्न असता तर हा विक्रम एखाद्या अजस्र सुपरबाइकने केला असता.

पण हा तोलाचा बिंदू म्हणजे तळहातावर उभी धरलेली काठी. जरा कलली की आणखी कलते. आणि काठीपेक्षा एक वाईट गोष्ट इथे आहे. रेस तेवढीच धरून ठेवली, तर चाक वर जाईल तशी गरज कमी होते आणि रेटा मात्र तोच राहतो. उरलेला सगळा रेटा गाडी उलटवायच्या कामी लागतो. गाडीचा आकार-उकार बघता तोल ढळण्याची चूक साधारण पाव सेकंदात दुप्पट होते, असं गणित सांगतं. माणसाला डोळ्याने बघून हात हलवायलाही तेवढाच वेळ लागतो. म्हणजे चूक कळून हात हलेपर्यंत ती दुप्पट झालेली असते. ज्यांना जमतं ते बघून करत नाहीत. सीटखालचा दाब किंचित बदलला की त्यांचा पाय आधीच हललेला असतो.

पाय, हात नव्हे. चाक बिंदूपलीकडे गेलं की रेस बंद करून गाडी परत येईलच असं नाही. मागचा ब्रेक मात्र जमिनीलगत उलटा रेटा देतो, एसटीने करकचून ब्रेक लावल्यासारखा, आणि नाक खाली येतं. नवशिक्याचा पाय नेमका त्या वेळी हवेत असतो. वर त्याचं शरीर मागे घसरतं, तो हँडलला लोंबकळतो, आणि मनगट मागे वळल्यामुळे रेस आणखी उघडते! भीतीने घट्ट धरलेली मूठच गाडी उलटवते. स्टंटवाले म्हणून हँडलवर मागच्या ब्रेकचा वेगळा लिव्हर बसवून घेतात, शेपटीला लोखंडी दांडी वेल्ड करतात, आणि गाडी सरळ उभी करून ती दांडी रस्त्यावर घासत नेतात. घड्याळाच्या काट्यावरून इंग्रजीत त्या पोझला बारा वाजता म्हणतात. मराठीत ते जास्त अचूक वाटतं.

बाकीच्या अडचणी थोडक्यात. पुढचं चाक हवेत असताना हँडल वळवून गाडी वळत नाही; डावं-उजवं सगळं गुडघ्यांनी आणि कमरेने. टेकताना चाक वाकडं असेल तर हँडल थडथडतं. बराच वेळ गाडी उभी राहिली तर इंजिनातलं ऑइल मागे साठतं, पंपाला मिळत नाही आणि बेअरिंग कोरडी पडतात. रस्त्यावर केलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ आहेच. महागड्या गाड्यांमध्ये आता संवेदक सेकंदाला शंभरेक वेळा गाडीचा कल मोजतात आणि नाक वाजवीपेक्षा वेगाने उठलं की इंजिनाचा जोर कापतात. पाव सेकंदाच्या त्या शर्यतीत माणसाला हरवणं यंत्राला अवघड नाही.

आता ओढ्याची चढण. पोतं मागच्या चाकाच्याही थोडं मागे होतं. त्याने गुरुत्वमध्य ५३ वरून ३९ सेंटिमीटरवर ओढला आणि वर ७५ पर्यंत चढवला. चढण पाचास एक, म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, होती असं धरलं, तर तिने आणखी १५ सेंटिमीटर खाल्ले. उरले २४. म्हणजे सपाटीवर एकट्याला जे ०.७८ जी लागलं असतं, ते तिथे ०.३२ वर आलं होतं. राहिलेलं काम माझ्या घाईच्या क्लचने केलं.

मी उलटलो नाही ते माझ्या कौशल्याने नव्हे. कॅरिअरची सुतळी तुटली, पोतं मागे घसरून पडलं आणि गुरुत्वमध्य पुढे परत आला. चाक धाडकन खाली. पोतं फाटलं, निम्मी पेंड ओढ्याच्या कडेला. घरी उरलेलं पोतं उतरवताना वडिलांनी काय झालं ते ऐकून घेतलं, माझे कोपर बघितले आणि म्हणाले, "चढाला पोतं टाकीवर घ्यायचं असतंय, एवढं बी कळंना व्हय रं?"

परवा हा लेख लिहिताना तोही हिशेब करून बघितला. टाकीवर पोतं घेतलं असतं तर सपाटीवरचा आकडा ०.७६ आला असता, जवळजवळ मोकळ्या गाडीइतकाच.